रात्री जीव घाबरतो, तेव्हा…

रात्रीचे दोन वाजलेले असतात. सिडकोतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात सगळे गाढ झोपलेले. सिल्लोड किंवा पैठणकडच्या गावातून मुलाकडे राहायला आलेली सत्तरीची आई एकदम उठून बसते. खिडकी उघडते. कॉटच्या कडेला पाय सोडते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत राहते. चाहुलीने मुलगा जागा होतो.

‘काय झालं आई?’

‘काही नाही रे. जीव घाबरायलाय. कसंतरीच व्हायलंय.’

मुलगा पाणी देतो, पाठीवरून हात फिरवतो. ‘गॅस झाला असेल, रात्री भजी खाल्लीस ना,’ असं म्हणतो. वीस-पंचवीस मिनिटांत आईला बरं वाटतं. सकाळी ती अंघोळ करून देवपूजेला बसलेली असते, त्यामुळे रात्रीचा विषय तिथेच संपतो. तीन दिवसांनी पुन्हा तेच. पंधरवड्यात घरात ठरून जातं की आईला टेन्शन आलंय, नाही तरी तिचा स्वभाव घाबराच. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची अर्धी गोळी सुरू होते.

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. थोड्याफार फरकाने असं पुष्कळ घरांत घडतं. प्रत्येक वेळी त्यामागे मोठा आजार असतोच असं नाही. पण ‘जीव घाबरतोय’ या वाक्याचा अर्थ घाईने लावला, तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार महिनोन्महिने लपून राहू शकतो. म्हणून आज हे एकच वाक्य नीट ऐकायचं आहे.

एक शब्द, अनेक दुखणी

आपल्या भाषेत जीव आणि श्वास वेगळे काढता येत नाहीत. जीव गुदमरतो, जीव वरखाली होतो, जीव कासावीस होतो, जीव घाबरा होतो. यातलं नेमकं शरीराचं कोणतं आणि मनाचं कोणतं, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. मराठवाड्यातली म्हातारी माणसं तर धाप लागली तरी ‘घाबरतंय’ म्हणतात, छातीत धडधडलं तरी ‘घाबरतंय’, साखर कमी होऊन घाम सुटला तरी ‘घाबरतंय’ आणि खरोखर भीती वाटली तरी ‘घाबरतंय’च म्हणतात.

ऐकणारा मात्र त्यातली भीती तेवढी उचलतो. ‘घाबरतंय’ म्हणजे घाबरली, म्हणजे मनाचं दुखणं. शहरात वाढलेला मुलगा डॉक्टरांसमोर बसून ‘आईला खूप अँग्झायटी आहे’ असं सांगतो, आणि धाप हा शब्द कागदावर येतच नाही. आईच्या तोंडचं वाक्य आणि डॉक्टरांच्या कानावर पडलेलं वाक्य यांत असा फरक पडतो. इलाजाची दिशा पुष्कळदा तिथेच चुकते.

उपाय साधा आहे. ‘जीव घाबरतोय’ म्हटल्यावर आणखी दोन-तीन प्रश्न विचारायचे. दम कमी पडतोय का? छातीत धडधडतंय का? आडवं झाल्यावर वाढतं का, बसल्यावर कमी होतं का? या प्रश्नांची उत्तरं पुष्कळ काही सांगून जातात.

रात्रीच का?

दिवसा भाजी निवडणारी, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणारी आई रात्रीच का कासावीस होते? याची कारणं शरीरात आहेत.

पहिलं कारण आडवं होणं. दिवसभर उभं राहून आणि पाय सोडून बसून पायांत जे रक्त आणि पाणी साठतं, ते आडवं झाल्यावर छातीकडे परत येतं. हृदय धडधाकट असेल तर ते हा वाढीव भार सहज पुढे ढकलतं. हृदय थकलेलं असेल तर रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी झिरपू लागतं. शिवाय आडवं झाल्यावर पोट वर सरकून श्वासपटलाला दाबतं. पोट मोठं असेल तर हा दाब अधिक.

दुसरं कारण शरीराचं घड्याळ. श्वासनलिका दिवसा जितक्या मोकळ्या असतात तितक्या रात्री नसतात. पहाटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद होतात. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल हे संप्रेरकही रात्री खालच्या पातळीवर असतं. निरोगी माणसाला हा फरक कळतही नाही, दम्याच्या रुग्णाला मात्र तो झोपेतून उठवतो.

तिसरं कारण झोप. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो आणि साचलेला कफ खोकून काढला जात नाही. आणि चौथं कारण रात्र स्वतःच. घर शांत असतं, बोलायला कुणी नसतं, आपल्याच छातीचे ठोके ऐकू येतात. दिवसा जे दुखणं कामाच्या रगाड्यात विसरलं जातं, ते रात्री समोर येऊन बसतं.

श्वासाचं वेळापत्रक वाचा

झोपेतून उठवणाऱ्या धापेची कारणं अनेक असली, तरी ती कधी येते, कशी जाते आणि सोबत काय आणते, यावरून बराच अंदाज बांधता येतो.

झोप लागल्यावर तास-दोन तासांनी दचकून जाग येते, धाप लागलेली असते, उठून बसलं किंवा खिडकीशी उभं राहिलं की पंधरा-तीस मिनिटांत बरं वाटतं. असं होत असेल तर आधी हृदयाचा विचार करावा लागतो. सोबत घोट्यावर सूज असते, चपलेचा पट्टा घट्ट होतो, चार-आठ दिवसांत वजन दोन-तीन किलोंनी वाढतं. उशांची संख्या ही मोठी खूण आहे. पूर्वी एक उशी पुरायची, आता दोन लागतात, पुढे तीन लागतात आणि शेवटी आई खुर्चीतच झोपू लागते. ‘तिला खुर्चीतच बरं वाटतं’ असं आपण कौतुकाने सांगतो. खरं तर ती आपल्या हृदयाची तक्रार सांगत असते.

पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, छाती आवळल्याची भावना आणि कफ पडल्यावर मोकळं वाटणं. ही चिन्हं दम्याकडे किंवा सीओपीडी या श्वासनलिकांच्या जुनाट आजाराकडे बोट दाखवतात. आपल्या जुन्या वैद्यांनीही हे टिपलं होतं. चरकसंहितेतल्या तमक श्वासाच्या वर्णनात, रुग्णाला निजल्यावर त्रास होतो आणि बसल्यावर आराम पडतो, हे स्पष्ट नोंदवलेलं आहे.

जोरजोरात घोरणं, मध्येच घोरणं आणि श्वास दोन्ही थांबणं, मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेत जागं होणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेपर वाचता वाचता पेंग. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू घाईघाईने माणसाला उठवतो. अनेकांना ‘दचकून जाग आली, जीव घाबरला’ एवढंच आठवतं. श्वास थांबलेला त्यांना माहीतही नसतो, तो शेजारी झोपणाऱ्याला दिसतो. जोडीदार गेल्यावर एकट्याने झोपणाऱ्या वृद्धांचा हा आजार म्हणूनच सहज निसटतो. तो फक्त स्थूल माणसांनाच होतो, हाही गैरसमज आहे.

घशाशी आंबट येणं, छातीत जळजळ, उशिरा जेवून लगेच आडवं होणं, अशा वेळी पित्त वर येऊन घसा आवळल्यासारखा होऊ शकतो. पण ‘गॅस’ हे निदान स्वतःच करून मोकळं होऊ नका. उतारवयात, विशेषतः मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत, हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसती धाप, घाम, मळमळ आणि कसंतरी होणं एवढीच त्याची लक्षणं असू शकतात.

यांशिवाय रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, हृदयाचे अनियमित ठोके, मधुमेहाच्या औषधांनी रात्री उतरलेली साखर यांनीही जीव घाबरा होतो. काही वेळा कारण औषधांच्या डब्यातच असतं. दम्याचा आराम देणारा पंप वारंवार मारला, थिओफायलिनच्या गोळ्यांचं प्रमाण जास्त झालं किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा मोठा असला, तर हात थरथरतात, छाती धडधडते आणि झोप उडते. हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं.

आणि हो, पॅनिक अटॅकही झोपेतून उठवू शकतो. त्याची भीती दहा-एक मिनिटांत शिगेला पोहोचते, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण मरतो असं वाटतं आणि मग लाट ओसरते. उठून बसण्या-न बसण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. मात्र साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असे झटके येऊ लागले, तर ते मनाचेच आहेत असं गृहीत धरायचं नाही. आधी शरीर तपासून घ्यायचं.

चुलीचा हिशेब

आपल्या भागात या यादीतल्या एका आजाराकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ‘आईने आयुष्यात कधी बिडी-सिगारेटला हात लावला नाही, तिला कसली सीओपीडी?’ हा प्रश्न हमखास येतो. पण तिने चाळीस-पन्नास वर्षं चूल फुंकली आहे. मराठवाड्यात चुलीत काय जळत आलंय, ते आठवा. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं, गोवऱ्या. धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात, डोळे पुसत, रोज दोन्ही वेळा. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. आज सत्तरीत असलेल्या बाईची फुप्फुसं त्याआधीच निम्म्याहून अधिक आयुष्य धुरात राहिलेली असतात.

पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहून जगाचं लक्ष याच गोष्टीकडे वेधलं. चुलीचा धूर, धुळीची कामं, बालपणी झालेले फुप्फुसांचे संसर्ग, अर्धवट उपचार झालेला दमा, पूर्वी होऊन गेलेला क्षय, ही त्यातली महत्त्वाची कारणं. गरीब देशांतल्या बायकांच्या बाबतीत चूल हे कारण फार मोठं आहे.

चूल सुटली तरी धूर सुटलेला नसतो. डासांसाठी रात्रभर कॉटखाली जळणारी कॉइल घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक कॉइल जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांएवढे भरले. दार-खिडक्या लावून, उशाशी कॉइल पेटवून आपण आईला झोपवतो आणि मध्यरात्री तिला खोकला का येतो म्हणून विचारतो. मच्छरदाणी हा जुना उपाय आजही सर्वांत चांगला. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवावर बेतू शकतं, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

सीओपीडी ओळखण्यासाठी स्पायरोमेट्री ही नळीत जोराने फुंकायची, काही मिनिटांची तपासणी असते. साखर आणि रक्तदाब आपण नेमाने मोजतो. फुप्फुसांची फुंकर मात्र कधीच मोजलेली नसते.

भीती खोटी नसते

आता दुसरी बाजू. तपासण्या झाल्या, हृदयाचं किंवा दम्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. तरीही रात्र झाली की आई घाबरते. अंथरुणावर पडायला नको म्हणते, दिवा चालू ठेवायला सांगते. मग घरातले वैतागतात, ‘डॉक्टर म्हणाले ना सगळं ठीक आहे, उगाच का घाबरतेस?’

ती उगाच घाबरत नाही. श्वास कोंडल्याची भीती ही बाकीच्या भीतीसारखी नसते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला २०१३ सालचा एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ नावाचा भाग असतो, भीतीचं तेच मुख्य केंद्र मानलं जातं. एका दुर्मिळ आजाराने हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यांच्यातली एक स्त्री तर सापांना आणि भयपटांनाही घाबरत नसे. या तिघांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासातून दिली. तिघांनाही प्रचंड घाबरल्यासारखं झालं. निरोगी बारा जणांपैकी मात्र तिघांनाच तसं झालं. म्हणजे भीतीचं मुख्य केंद्र बंद असलं, तरी रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर शरीर आतून धोक्याची घंटा वाजवतंच. ही भीती ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. जीव वाचवण्यासाठी निसर्गाने बसवलेली ती सोय आहे.

अडचण अशी की एकदा वाजलेली घंटा पुढे लहानशा कारणानेही वाजू लागते. श्वास अडकला की भीती वाटते. भीतीने श्वास जलद आणि उथळ होतो, मानेचे-छातीचे स्नायू ताठरतात. सीओपीडीत आधीच अरुंद झालेल्या नळ्यांतून घाईघाईने घेतलेला श्वास पूर्ण बाहेर पडत नाही, छातीत हवा कोंडते आणि धाप वाढते. मग भीती आणखी वाढते. हे चक्र सुरू झालं की मूळ आजार थोडाच बिघडलेला असला तरी त्रास मात्र फार होतो. पुढे पुढे माणूस धापेच्या भीतीने चालणं सोडतो, फिरणं सोडतो, देवळात जाणं सोडतो. स्नायू अशक्त होतात आणि थोड्याशा श्रमानेही दम लागतो.

म्हणून ‘शरीराचं की मनाचं’ हा वादच चुकीचा आहे. पुष्कळदा दोन्ही असतं, आणि इलाजही दोन्हींवर लागतो. वृद्धांच्या मनाच्या दुखण्यांकडे आपलं किती दुर्लक्ष होतं, याचा अंदाज एका मोठ्या पाहणीतून येतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात केलेल्या ‘लासी’ या पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं दिसली. ‘डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं आहे’ असं सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. नैराश्य आणि चिंता पुष्कळदा हातात हात घालून येतात. गाव सुटलेलं, जोडीदार गेलेला, शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर दार लावून बसणं, हे सगळं रात्री छातीवर येऊन बसतं.

त्या रात्री काय करायचं?

आधी बसवा. पाय खाली सोडून, किंचित पुढे झुकून, हात गुडघ्यांवर किंवा समोर ठेवलेल्या उशीवर टेकवून. आडवं करू नका, पाठीवर झोपवून छाती चोळू नका. खोलीत गर्दी नको. एकाने शेजारी बसायचं, हात धरायचा आणि हळू बोलायचं.

पंखा चेहऱ्यावर येईल असा लावा. हातपंखा असेल तर उत्तमच. गालांवर आणि नाकाजवळ वारा लागला की धापेची जाणीव कमी होते, हे चाचण्यांतही दिसलेलं आहे. मग नाकाने हळू श्वास घ्यायला सांगा आणि शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावत सोडायला सांगा. दुधावरची साय फुंकरीने बाजूला करतो तसं. तुम्हीही सोबत करा, तालाला ताल मिळतो. डॉक्टरांनी पंप दिलेला असेल तर सांगितल्याप्रमाणे द्या. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो लपवून ठेवू नका. मधुमेह असेल तर साखर मोजा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर पूर्ण विसंबू नका. करोनाच्या काळात तो घरोघरी आला. पण तो फक्त ऑक्सिजन सांगतो. आकडा ९६ असतानाही हृदयविकाराची सुरुवात असू शकते. ‘आकडा चांगला आहे, झोप आता’ हे उत्तर नव्हे.

छातीत कळ किंवा दाब, घाम, ओठ-नखं निळसर, एक वाक्यही सलग बोलता न येणं, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा ग्लानी, किंवा बसवूनही पंधरा-वीस मिनिटांत उतार न पडणं, यांतलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

दोन गोष्टी स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. एक, झोपेची गोळी. बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वासाची ओढ मंदावतात. सीओपीडी किंवा स्लीप ॲप्निया असलेल्याला त्या घातक ठरू शकतात. शिवाय रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते. अनेक वर्षं घेत असाल तर त्या एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. दुसरी, करोनात आणून ठेवलेल्या यंत्राने अंदाजे ऑक्सिजन देणं. सीओपीडीच्या रुग्णांना ऑक्सिजन मोजूनमापून, साधारण ८८ ते ९२ टक्क्यांची पातळी राहील इतकाच द्यायचा असतो. जास्त दिला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी बरं वाटतंय म्हणून विषय सोडू नका. कॅलेंडरवर लिहून ठेवा. किती वाजता जाग आली, झोपून किती वेळ झाला होता, किती उशा होत्या, बसल्यावर किती वेळात बरं वाटलं, शिट्टी, खोकला, घोरणं, सूज यांतलं काय होतं. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. जमलं तर झोपेतल्या घोरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांकडे जाताना हा कागद आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यासुद्धा.

रक्ततपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरजेनुसार हृदयाची टू-डी एको आणि स्पायरोमेट्री, यांतून बहुतेक कारणं सापडतात. घोरण्याचा संशय असेल तर झोपेचा अभ्यास केला जातो. तो काही वेळा घरीच, एका रात्रीत होतो. स्लीप ॲप्नियावर १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी काढलेला सीपॅप हा उपाय, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणं, आजही मुख्य उपचार आहे. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात औषधवैद्यक, श्वसनविकार आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात आहेत. जालना, बीड, परभणीपासून लोक तिथे येतात. खासगीतही सुरुवात नेहमीच्या फिजिशियनपासून करावी.

घरात करण्यासारखं बरंच आहे. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकायचं. मिठाचं प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. ठेचा, लोणचं, पापड धरून, हे लक्षात ठेवा. लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर तिची दुसरी वेळ संध्याकाळऐवजी दुपारी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. कॉटचा उशाकडचा भाग उंच करा. सकाळच्या उन्हात रोज थोडं चालणं हवं, धाप लागेल म्हणून चालणं बंद करायचं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही विचारा.

आणि भीतीवरही उपचार करा. समुपदेशनाने धापेची भीती कमी करता येते. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ सवय न लागणारी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी मदतवाहिनी आहे.

पुन्हा त्या दोन खोल्यांच्या घरात जाऊ. बहुतेक आया मुलाला उठवतच नाहीत. ‘दिवसभर राबून आलाय, झोपू द्यावं’ म्हणून काळोखात एकट्या बसून राहतात. म्हणून विचारायला रात्र व्हायची वाट बघू नका. आज संध्याकाळी चहा घेताना आईला, वडिलांना, सासू-सासऱ्यांना सहज विचारा, ‘रात्री झोप लागते का? उठून बसावं लागतं का? उशा किती घेता?’

‘घाबरतं कधीकधी’ असं उत्तर आलं, तर ‘घाबरू नकोस’ म्हणून विषय संपवू नका. ‘मग नेमकं काय होतं?’ एवढं विचारा. आणि पुढच्या वेळी मला उठव, हेही सांगा.